फिफ्थ व्हीलच्या पोटातली टिकटिक

लावा पैज. माझ्या गोष्टीचा शेवट आधीच ओळखलात तर माझा दरवाजा उपटून घेऊन जा. तसाही तो नीट लागत नाय.

मी फिफ्थ व्हील बोलतोय. बहरीनच्या सलमाबादमधल्या एका वर्कशॉपच्या मागं उभा आहे तो. इथले लोक मला नुसतं कारवान म्हणतात. म्हंजे चाकावरचं घर. पण बाकीच्या कारवानी गाडीच्या शेपटीला बांधून ओढतात, माझं तसं नाय. माझी मान लांब. ती पिकपच्या पाठीवर एक मोठा लोखंडी तवा असतो, त्यात अडकवायची. मानेच्या वर झोपायची खोली. म्हंजे ड्रायव्हर पुढं आणि त्याच्या टाळक्यामागं त्याचीच गादी.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा भंगारात जाणार आणि शेवटी गळा काढणार. चूक. लावा दुसरी पैज.

जन्म अमेरिकेतला. आईबाप विचारू नका, पत्रा, फायबर आणि लाकडाचा भुसा. त्यामुळं मला काही लागत नाय. ऊन लागत नाय, थंडी लागत नाय, कोण आलं-गेलं ते पण लागत नाय. असा माणूस दिवस कसे काढील? मस्करी करून. झोपायच्या खोलीचं छत मी मुद्दाम खाली धरतो, नवा मालक सकाळी उठला की टाण्णकन डोकं आपटतो. कपाटं रस्त्यात उघडून देतो. गरम पाण्याचा नळ सोडला की आधी बर्फासारखं पाणी पाठवतो. आजपर्यंत एकही माणूस माझ्या नळाखाली गप्प राहिलेला नाय.

पहिला मालक गोरा होता. तो त्याच्या देशात गेला आणि मला इथंच ठेवून गेला. मग मी उभा. वाळू खिडकीपर्यंत आली. कबुतरांनी वर संसार मांडला. मला काही वाटलं नाय.

मग नजीब आला.

नजीब दाभोळ खाडीकाठचा. तीस वर्सं बहरीनमध्ये ट्रेलर दुरुस्त करतोय. त्याच्या अरबाबाला, म्हंजे मालकाला, मी अडचण होतो. तो म्हणाला, "शिल, खलास." घेऊन जा, विषय संपला. नजीबनं मला धुतलं, टायर बदलले, गळती बंद केली. काम करताना तो माझ्याशी बोलायचा. मराठी मी तिथंच शिकलो, त्यामुळं शिव्या आधी आल्या.

त्याचा कान भारी. गल्लीतनं ट्रक गेला की हा चहा पीत सांगणार, "मागचं डावं बेरिंग सुकलंय." उतरून बघितलं की तेच.

"तुला कशाला घेतलाय ठाव हाय काय, थेरड्या?" एकदा माझ्या पोटाखाली पडून तो म्हणाला. "शरीफाला आणतोय."

शरीफा म्हंजे शरीफुन्निसा, त्याची बायको. लग्नाला तीस वर्सं झालेली, पण नजीब इथं आठ जणांच्या खोलीत आणि ती तिकडं गावात. दोन वर्सांनी एकदा महिनाभर सुट्टी. मधे फोन. फोनवर दोघं एकच बोलायची.

"कसं हाय?"

"सगळं बरं. तुमचं?"

"सगळं बरं."

आता मुलगी मेहरीन सासरी गेली होती, घरात कोण उरलं नव्हतं. नजीबनं शरीफाला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. एक थंडी माझ्या पोटात एकत्र काढायची. "जमलं तर फॅमिली व्हिसा करतो, गुदैबियात खोली घेतो," तो फोनवर म्हणाला. जमलं तर. हे दोन शब्द तिनं गाठीला बांधले, मला नंतर कळलं.

थंडीत इथले लोक सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. अरबाबाच्या जागेचा एक कोपरा नजीबला मिळाला. त्यानं मला तिथं नेलं, आणि पहिल्याच दिवशी माझी करमणूक झाली. झोपताना पाय किब्ल्याकडं, म्हंजे मक्केच्या दिशेला, नकोत. माझी गादी तर ठोकलेली, ती फिरत नाय. म्हंजे मलाच फिरवायचा! नजीब रिव्हर्स घेतोय, शरीफा वाळूत उभी राहून हात दाखवतेय.

"अवो, अजून डावीकडं!"

"कुणाच्या डावीकडं?"

"अल्लाच्या घराकडनं बघितलं तर डावीकडं!"

"मी पिकपात बसलोय गो, मक्केत नाय!"

शेजारच्या तंबूतला म्हातारा बहरीनी गादीवर लोळत "यल्ला, यल्ला", म्हंजे चला चला, ओरडत होता. मी मुद्दाम एक चाक मऊ वाळूत घातलं. असरच्या, म्हंजे दुपारनंतरच्या नमाजापर्यंत चाललं ते.

मग संसार सुरू झाला. माझ्या पोटात वाट एवढी अरुंद की दोघं समोरासमोर आली की एकाला मागं जावं लागतं. ही दोघं एकदमच मागं जायची. "तुमी जावा." "नाय, तू जा." पाहुण्यांसारखी. तिला त्याचं उभ्यानं जेवणं माहीत नव्हतं. त्याला तिचं झोपेत बोलणं माहीत नव्हतं. तो मैल्याची टाकी रिकामी करायला गेला की ती तोंडावर पदर धरून दुसरीकडं बघायची, आणि तो पण दुसरीकडं बघायचा, म्हणून पाईप चुकायचा.

एक दिवस बनियन बदलताना त्याच्या पाठीवर तिला हातभर व्रण दिसला.

"हे कंदी झाला?"

"जुना हाय. ट्रेलरवरनं पडलेलो."

"फोनवर तर सगळं बरं बोललात."

"मग काय बोलू? तू तिकडं बसून काय केलं असतंस?"

ती कांदा चिरायला लागली.

आणि माझा नळ. पहिल्या सकाळी नजीब वजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला गेला, पायावर पाणी पडलं आणि त्यानं अशी बोंब ठोकली की शेजारचा बहरीनी तंबूबाहेर आला. मी खूश. मग तिची पाळी. मी सगळ्यात थंड पाणी राखून ठेवलेलं. हाताला लागलं तशी ती "या अल्ला" म्हणाली. मग पाय. डावा पाय नळाखाली, पाणी पडतंय, आणि बाई काहीच नाय. पापणी हलली नाय. मी दुसऱ्या दिवशी परत केलं. परत काही नाय. एवढ्या वर्सांत माझी मस्करी अशी वाया गेली नव्हती.

दुपारी नजीब वर्कशॉपला गेला की ती मेहरीनला फोन लावायची. तेव्हा कळलं.

"अम्मा, बाबांना सांग ना. साखरेनं पाय बधिर झालेत, लपवायचं काय त्यात?"

"गप बस. ते बोललेत, जमलं तर ठेवीन. बधिर पायांची बायको कोण ठेवून घेतो? उद्याच्या विमानात बसवतील. दवापाणी गावात कर म्हणतील."

"आणि काय झालं म्हंजे?"

"काय होतंय? दुखत तर काय नाय."

तर ही पण माझ्याच जातीची निघाली. पत्र्याची. फरक एवढाच की मला कुणी ठेवा की पाठवा, फिकीर नव्हती. तिला होती.

जुम्याला नजीब तिला हूऱ्याच्या बाजारात घेऊन गेला. येताना तिच्या पायात लाल मखमली सपाता. मऊ तळाच्या, आतनं कापूस. "कारवानची जमीन लय गार, शरीफा. पाय गारठतात तुझे." ती काय बोलणार, गारठत नाय म्हणून? तीस वर्सांत त्यानं पेटीतनं पुष्कळ आणलं होतं, सेंट, साबण, खजूर. पण दोघांनी दुकानात उभं राहून, घालून बघून घेतलेली ही पहिलीच वस्तू. ती पायातनं काढेचना. फक्त वजूला आणि नमाजाला काढायची, तेव्हा पण वाकता येत नाय म्हणून पाय नुसता नळाखाली धरायची.

मग पाणी भरायला मला हलवलं तेव्हा मी कपाट उघडलं. तांदूळ, मसाला, सुकट, सगळं जमिनीवर. शरीफा हसली. खरोखर हसली, पदर तोंडात कोंबून. "तुमच्या गाडीला बाळंतपण झाला!" नजीबनं शिव्या देत ड्रिल काढलं आणि कपाटाला नवीन कडी बसवली. स्क्रू पिळताना एक हातातनं सुटला. शोधला, सापडला नाय. सोडून दिला.

दुसऱ्या दिवसापासनं माझ्या पोटात टिक, टिक, टिक.

बारीक आवाज. मधेच यायचा, मधेच बंद. नजीबचा कान लगेच उभा राहिला.

"ऐकलंस?"

"ऐकला. तुमच्या थेरड्यानं घड्याळ गिळलाय."

"नाय गो, कायतरी सैल झालंय."

तो खाली घुसला. एक्सल बघितला, पट्टे बघितले, सगळे नट आवळले. कामावरनं आला की चहा राहिला बाजूला, हा माझ्या पोटाखाली. त्याला झोप येईना. ट्रेलर बोलतो आणि नजीबला समजत नाय, असं कधी झालं नव्हतं. शेजारचा बहरीनी येऊन वाकून बघायचा. "मफी मुश्किल," काही प्रॉब्लेम नाय, असं सांगून जायचा.

टिकटिक चालू. तिला जरा ताप आला. "थंडीचा हाय," ती म्हणाली. तिनं गोळी घेतली. आत एक वास येऊ लागला. नजीबनं मैल्याची टाकी दोनदा धुतली.

पाचव्या की सहाव्या दिवशी नजीब खाली पडूनच ओरडला, "शरीफा! वर जरा चाल बघू. वजन पडलं की कळेल."

ती चुलीपासनं गादीच्या पायरीपर्यंत गेली. टिक, टिक, टिक.

"थांब."

आवाज बंद.

"आता चाल."

टिक. टिक. खाली पडलेला नजीब आवाजाबरोबर सरकत होता, पाठीवर, वाळूतनं, माझ्या शेपटीपासनं मानेपर्यंत. आवाज पुढं चालला होता. ती थांबली की थांबत होता. वळली की वळत होता.

तो बाहेर आला. अंगाला वाळू. दरवाजात उभा राहिला. आत पण येईना.

"सपात काढ."

"कशाला?"

"डावी काढ, शरीफा."

तिनं काढली. सपातेच्या तळात स्क्रूचं डोकं बसलेलं, चालून चालून चकचकीत झालेलं. आतल्या बाजूला टोक वर आलेलं. मखमल लाल होती, म्हणून रक्त दिसलं नव्हतं. त्यानं तिला पायरीवर बसवलं आणि तळवा उलटा केला. अंगठ्यामागं भोक होतं, त्याच्या भोवतीनं काळं निळं पसरलेलं. वास तिथनं येत होता.

"दुखत नाय?"

"नाय."

"एवढं पण नाय?"

"कायच नाय."

"कंदीपासनं?"

"लय वर्सं."

"आणि तू मना बोलली नाय?"

"कंदी बोलू?" ती म्हणाली. आवाज चढला नाय तिचा. "महिनाभर यायचात तुमी. अर्धा महिना लोक भेटायला, चार दिवस पेटी भरायला. त्यात काय पाय दाखवत बसू? आणि आता बोलले असते तर पाठवलात असता."

नजीबनं तळवा मांडीवर धरून ठेवला. मग तिला उचलून पिकपात ठेवली. माझा दरवाजा उघडाच राहिला. दोन दिवस वाळू आत येत होती.

हॉस्पिटलातनं तो कपडे न्यायला आला, तेव्हा माझ्या पायरीवर बसून मेहरीनशी बोलला. डॉक्टर म्हणाले होते, पायाला कळत नाय तर दुसऱ्या कुणाला तरी कळायला हवं. रोज तळवा बघायचा, रोज, जन्मभर. ती स्वतः वाकून बघू शकत नाय, आणि बघितलं तरी तिच्यावर भरवसा नाय, लपवील.

"मी येऊन राहते अम्माकडं," मेहरीन म्हणाली.

"तुझा संसार हाय."

"मग कोण बघणार, बाबा?"

"बघतो," नजीब म्हणाला.

व्हिजिट व्हिसा संपायला आला होता. फॅमिली व्हिसाचं विचारायला तो गेलाच नाय. पायाची मलमपट्टी सोडून तो दिवसभर कामावर जाणार कसा? नोकरी सोडतो म्हटल्यावर अरबाबानं त्याला समजावलं, चिडला, शेवटी मिठी मारली. मला परत सलमाबादला आणून उभं केलं. शेजारचा बहरीनी पुढच्या थंडीसाठी मला बघून गेलाय. नातवंडं आणणार म्हणे. आणू दे. त्यांची टाळकी माझ्या छताला यायला अजून वेळ आहे, पण नळ आहेच. तेवढं त्याला कुणीतरी सांगा, नळाखाली कुणी ओरडलं नाय तर हसू नका. त्याचा पाय हातात घेऊन बघा.

सामान न्यायला दोघं आली होती. तो तिला उचलून माझ्या पायऱ्या चढला. अरुंद वाटेतनं दोघं एकत्र गेली, कारण ती त्याच्या हातात होती. तिनं भांडी बांधली, मसाल्याची बरणी आता नको म्हणत कचऱ्यात टाकली. डाव्या पायाला पांढरा गठ्ठा, पुढनं आखूड.

"मी तुमच्याकडं राहायला आलेली," ती म्हणाली. "तुमाला न्यायला नाय."

"गप बस. पाय वर ठेव."

"लोक काय बोलतील? बाईनं नवऱ्याचा धंदा बंद केला."

"बोलू दे. पाय वर ठेव बोललो ना."

लावलेली पैज हरलात ना? राहू दे, दरवाजा पण राहू दे. तिची अंगठ्यासकट तीन बोटं गेली. आणि त्यानं, अरबाब सांगत होता, विमानात बसायच्या आधी बहरीनचं रेसिडेन्सी कार्ड काउंटरवर दिलं, ते परत घ्यायचं नव्हतं.