डावीकडे कललेला मुढा

मी बसायचा मुढा बोलतोय. सरकंडा या उंच गवताच्या काड्या आणि मुंज गवताची दोरी यांचं माझं अंग. कंबर बारीक, बूड गोल, मागे टेकायला बुटकी पाठ. झाशीकडे आमच्यापैकी एखादा तरी दर घरात असतो, बहुतेक अंगणात नाहीतर दारात. माझं आयुष्य मात्र स्वयंपाकघरात गेलं. त्यामुळे बैठकीत काय बोलणं होतं ते मला फारसं ठाऊक नाही. बाईमाणूस एकटं असताना कसं बसतं, ते ठाऊक आहे.

माझा जन्म मऊरानीपूरचा. एका म्हातारीनं मला बांधलं. तिच्या बोटांना काड्या लागून लागून घट्टे पडले होते. शशिकलाबाई मेळ्यात मला हात लावून बघत होत्या, तेव्हा ती म्हणाली, "हाथ से का देखतीं बाई, बैठ के देखो. बैठे बिना का पता चलत!"

शशिकलाबाई बसल्या आणि हसल्या. त्यांचे यजमान रत्नाकरराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. ते बाजूला उभे राहून घड्याळ बघत होते.

"शशी, हे काखोटीला मारून माझ्याबरोबर चालू नकोस हं. कारखान्यातलं कुणी भेटलं तर काय म्हणेल?"

"म्हणेल, साहेबांच्या बायकोला घरात बसायला खुर्ची नाही."

रत्नाकरराव बसस्टँडपर्यंत पुढे पुढे चालत राहिले. मी बाईंच्या मांडीवर बसून झाशीला, प्रेम नगरच्या घरी आलो.

त्या घरात माझ्यावर फक्त त्याच बसल्या. मटार सोलायला, तांदूळ निवडायला, मांडीवर परात घेऊन कणीक भिजवायला. सगळ्यांची जेवणं झाली की ताट घेऊन माझ्यावरच बसायच्या. रत्नाकरराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येत आणि चहाचा कप घेऊन परत जात. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी ताटाला नावं ठेवली नाहीत. फक्त उंबऱ्याच्या आत काय चाललंय ते त्यांनी कधी पाहिलं नाही.

एका वर्षी, होळीच्या आधी, बाईंचं बसणं एकदम बदललं. आधी त्या दाणकन बसायच्या. आता ओट्याला धरून हळूहळू खाली यायच्या. सगळा भार डाव्या बाजूवर. उजवा पाय थोडा दुमडून त्याच्याखाली पाट घ्यायच्या. सरळ केला तर "आई गं" म्हणायच्या, तेही कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू. का ते मला कळलं नाही. मी आपला सोसत राहिलो. सोसता सोसता माझी डावी बाजू दबली, तिथल्या काड्या मोडल्या, आणि मी कायमचा तिरका झालो.

बाईंचं बसणं बदललं त्याच आठवड्यात रत्नाकररावांचा निवृत्तीचा समारंभ होता. घरी आल्यावर फोटो बघत ते म्हणाले, "सगळे हसताहेत आणि तूच कसलं तोंड करून उभी आहेस? जरा हसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"पुढच्या वेळी हसेन," बाई म्हणाल्या.

मग मुलगी तन्वी हिच्या बाळंतपणाला त्या मस्कतला गेल्या. रत्नाकररावांनी मला उचलून बाल्कनीत टाकलं आणि माझ्यावर रद्दी रचली. स्वयंपाकघर त्यांना मोकळं मोकळं वाटलं असावं.

मस्कतला बाईंना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. बाल्कनीतून मला खोलीतलं सगळं ऐकू यायचं. तन्वी रोज फोनवर सांगायची, आणि रत्नाकरराव फोन स्पीकरवर ठेवायचे. उपचार लांबणार होते. तिच्या पदरात तान्हं बाळ होतं, आणि आईच्या व्हिसाची मुदत संपत आली होती.

"तिला घरी आणू या," रत्नाकरराव म्हणाले. "मी आहे ना."

आजारी माणसाला परदेशातून आणणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. विमानातल्या खुर्च्या काढून तिथं स्ट्रेचर बसवावं लागतं. बरोबर नर्स लागते. इथल्या रुग्णालयानं आधी खाट कबूल करावी लागते, दिल्लीहून रुग्णवाहिका लागते. रत्नाकररावांनी हे सगळं शिस्तीत केलं. अशी कामं त्यांना येत होती. मग मस्कतच्या रुग्णालयातल्या नर्सनं फोन केला, साधेच प्रश्न विचारायला.

"अंकल, आंटी का वजन कितना था?"

"वजन... मीडियम समझिए."

"कौन सी दवा माफिक नहीं आती?"

"ऐसा तो कुछ... सब आती है."

"चाय में शक्कर लेती हैं?"

"हाँ हाँ, दो चम्मच."

नर्सच्या शेजारी उभी असलेली तन्वी मध्येच म्हणाली, "बाबा, आईनं साखर सोडून किती वर्षं झाली!"

"हो का?" रत्नाकरराव म्हणाले.

"और पहले से कहीं दर्द? कोई चोट?"

"नहीं सिस्टर. मेरी मिसेस एकदम फिट थीं. कभी शिकायत नहीं की."

मला बोलता येत नाही याचं दुःख मला त्या दिवशी झालं, तसं आधी कधी झालं नव्हतं.

निघायचा दिवस ठरला आणि मोडला. स्ट्रेचरवर पाठीवर निजवून, पाय सरळ करून पट्टा बांधला की बाई किंचाळायच्या, डाव्या हातानं नर्सला ओरबाडायच्या. विमान कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं, पेशंट घाबरतो, शांत राहत नाही, असं नेता येणार नाही. पुन्हा एकदा करून बघू, तेव्हाही तसंच झालं तर विसरा.

"बाबा, ती इथंच जाईल हो," तन्वी रडत म्हणाली. "तिला घर बघायचंय. घराचा फोटो दाखवला की हात लावते."

रत्नाकररावांनी फोन ठेवला. शेजारच्या कमलिनीताई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना ते म्हणाले, "आप खाना मत भेजिए. अब मैं सीखूँगा. वो आएगी तो नरम चावल मुझे ही खिलाना है."

ती येईल की नाही हे ठाऊक नसताना हा माणूस मऊ भात शिकायला निघाला होता. ताटात तांदूळ घेऊन ओट्याशी उभे राहून निवडू लागले. गुडघे भरून आले, तसे इकडेतिकडे बघत बाल्कनीत आले. रद्दी खाली लोटली आणि मला आत नेलं. कमलिनीताई हसल्या. "लो, साहब पहली बार रसोई में बैठे!"

ते माझ्यावर बसले आणि डावीकडे कलंडले. ताट हातातून गेलं, तांदूळ सगळ्या फरशीभर झाले.

"टूटा हुआ है ये तो," ते चिडून म्हणाले. उठले, मला उलटंसुलटं करून पाहिलं. इंजिनिअरची नजर होती ती. उजवी बाजू जशीच्या तशी, डावी चपटी. त्यांनी माझ्या दबलेल्या काड्यांवर हात फिरवला. मग पुन्हा बसले, या वेळी सावकाश, जसा मी कलवतो तसेच. उजवा पाय आपोआप हलका झाला. समोर ओट्याखाली तो पाट होता. त्यांनी टाच त्यावर ठेवली. टाचेनं झिजलेल्या जागी ती नेमकी बसली.

ते तसेच बसून राहिले. कमलिनीताईंचं हसू थांबलं.

"भाभीजी," ते म्हणाले, "उसको दाहिनी तरफ कुछ हुआ था क्या?"

"गिरी थीं दीदी. आँगन में, होली से पहले. हमें कसम दे दी थी. बोलीं, उनका जलसा है इस हफ्ते, मत बताना. दो घंटे खड़ी रहीं उस दिन. हम तो देख रहे थे."

"और बाद में? बाद में क्यों नहीं बताया उसने?"

"आपने पूछा था?"

रत्नाकररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग त्यांनी फोन लावला. माझ्यावर बसूनच नर्सला सांगितलं. "सिस्टर, मैंने गलत बताया था. मुझे मालूम ही नहीं था. वो डरती नहीं है, उसको दर्द होता है. दाहिना पैर सीधा मत कीजिए. घुटने के नीचे तकिया दीजिए, और पट्टा कूल्हे पर मत बाँधिए."

तिथं एक्स-रे काढला तेव्हा कंबरेच्या उजव्या खुब्याला जुनी चीर दिसली, वेडीवाकडी जुळलेली. दुखणं कमी करायचं औषध दिलं, गुडघ्याखाली उशी दिली, पट्टा वर घेतला. बाई स्ट्रेचरवर शांत पडून राहिल्या. तन्वीनं सांगितलं, झोपसुद्धा लागली.

त्या घरी आल्या त्याला आता बरेच दिवस झाले. लोक भेटायला येतात, रत्नाकररावांची वाखाणणी करतात. परदेशातून बायकोला आणलं, केवढी धावपळ केली, असा नवरा मिळायला भाग्य लागतं, म्हणतात. ते उठून चहा करायला जातात. जाता जाता माझ्या पाठीला धरून थोडा वेळ उभे राहतात आणि मग चहा टाकतात. बाईंचा बिनसाखरेचा.

मला दुरुस्त करणारा एकदा दारावर आला होता. त्याला त्यांनी परत पाठवलं. माझी जागा आता बाईंच्या खाटेशी आहे. मी अजून कलतोच, आणि रत्नाकरराव माझ्यावर बसले की खाटेच्या बाजूला झुकतात. त्यांना ते बरं पडतं. बाईंचे ओठ हलतात, आवाज अजून येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या घरातही कुणाची तरी अशी एक जागा असेल. ओट्याशी, दाराशी, खाटेच्या कडेला. ते माणूस घरात आहे, बोलतं आहे, तोवर एकदा त्या जागी बसून बघा.

रोज सकाळी रत्नाकरराव विचारतात, "शशी, दुखतंय का गं?"

बाई मान हलवून 'नाही' म्हणतात. आयुष्यभराची सवय ती. तेही मान हलवतात, आणि गुडघ्याखालची उशी थोडी वर सरकवतात.