चार बोटांची चीर

“एवढ्यासाठी नांदेड गाठलं व्हय?” संपतरावांच्या पोटावर वाकून शेजारचे उत्तमराव कुरकुरले. “दुर्बिणीचं तर बायकायचं असतंय. शिबिरात सकाळी जातेत, सांजच्याला घरी येऊन भाकरी थापतेत.”

संपतराव बाजेवर हसले. बेंबीजवळ चार बोटांची चीर, आजूबाजूला तीन बारीक भोकं. बघायला येईल त्याला ते सदरा वर करून दाखवत. शिरड शहापुरात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेंढरांमागं हयात काढलेल्या गड्याचं आतडं त्याच दुर्बिणीतून कापलं, हे गावाला पटेना. रोग मोठा असता तर डॉक्टरनं मोठं फाडलं नसतं का? असं म्हणून माणसं चहा पिऊन हलक्या मनानं उठत. सर्वांत हलकं मन खुद्द संपतरावांचं.

म्हणूनच त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, घास उतरत नव्हता. डॉक्टरांनी त्यांना आणि मुलाला, प्रभूला, बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोट सगळं उघडलं असतं तरी आतडं एवढंच काढलं असतं. लहान चिरेनं माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो, इतकाच फरक. रोग आतड्याबाहेर सरकलाय, आता काही महिने सलाईनमधून औषध घ्यावंच लागेल. प्रभूनं हात जोडले होते, बाबांना नाव तेवढं सांगू नका. तेव्हापासून घरात नुसती ‘गाठ’ होती, आणि ती ‘निघाली’ होती. निघालेल्या गाठीला औषध कशाला, असं संपतरावांनी विचारलं की मायलेकरं एकमेकांकडं बघत.

दिवाळी सरली होती. मेंढरं घेऊन बाहेर पडायचे दिवस. वारंगा फाट्याकडच्या शेतकऱ्यांचे निरोप येऊन गेले होते, खतासाठी रानात कळप बसवा म्हणून. उद्या पहाटे निघायचं, घोड्यावरचं सामान बांधून झालेलं. औषधाचं उन्हाळ्यात परतल्यावर बघू, असं संपतरावांनी ठरवून टाकलं होतं.

सुभद्राबाईंनी कुणाला न विचारता हट्टा गावाला नणंदेकडं सांगावा धाडला.

भिकाबाई दुपारी आल्या. संपतरावांची थोरली बहीण. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांचंही आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, छातीखालून ओटीपोटापर्यंत चीर. आतड्याला पीळ पडला, असं तेव्हा घरानं सगळ्यांना सांगितलेलं. पुढं कितीतरी महिने त्यांना खाली वाकून चूल पेटवता येत नव्हती.

भावाचं पोट त्यांनी नीट पाहिलं. “झ्याक शिवलंय. माझ्यावर तर औत फिरवलं व्हतं मेल्यांनी.”

“तुझं मोठं व्हतं, आक्का. माझं बारीक हाय.”

भिकाबाईंची नजर बाहेर गेली. दाराशी एक मेंढी वेगळी बांधलेली होती, मान खाली घालून उभी. तिच्या मानेवरची लोकर भादरलेली.

“हिला काहून बांधलंस?”

“लांडग्यानं धरली व्हती. हिला नेत न्हाई. प्रभू रोज जखम धुईल, दवा घालील.”

“दातांची भोकं तर बारीकच दिसून राहिली की.”

“वरून बारीकच दिसतेत, आक्का. आत सडत जातंय. वरचं भरलं म्हणून दवा बंद केली की मेंढरू...”

संपतराव थांबले. हात सदऱ्याखाली चिरेवर गेला आणि तिथंच राहिला. सुभद्राबाई परातीतल्या पिठाकडं बघत बसल्या. प्रभू उठून घोड्याकडं गेला आणि बांधलेलीच दोरी पुन्हा बांधू लागला.

“आक्का,” संपतराव हळूच म्हणाले, “ही दोघं माझ्याशी बोलत न्हाईत. तू तरी बोल.”

भिकाबाईंनी पदर सावरला.

“मला पीळ न्हवता पडला, संपत. पोरींच्या सोयरिकी मोडतील म्हणून तुझ्या दाजींनी तसं सांगितलं. पोट शिवल्यावरबी मी इंजेक्शनं घेतली, म्हणून आज तुझ्याम्होरं बसलेय. कॅन्सर व्हता मला. तुलाबी तोच हाय.”