अकराचा भोंगा

अभिमनच्या घरात पाण्याने भरलेला माठ होता, आणि त्या माठाला हात न लावता कामावर जाणारी बायको होती. वाचकहो, आपल्या घरात नीट बघा, तिथेही अशी एखादी सापडेल.

पाचोऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यात शेवंताबाई कापसातली कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचायची. तिचा नवरा अभिमन तिथेच बॉयलर सांभाळायचा. शंभर बाया कामाला, पण त्यांना लघवीला जायला आडोसा म्हणून एक कूडसुद्धा नाही. मागे उघडं रान आणि गाडीवानांची ये-जा. "दिवसा बाहेर दिसशी ते पाय मोडी टाकसू," असं अभिमननेच तिला दरडावलं होतं. मग तिने सोपा उपाय काढला. सूर्य मावळेपर्यंत पाणीच प्यायचं नाही.

एप्रिलच्या उन्हात ती कापसाच्या ढिगावर कोसळली. दीड दिवस लघवीचा थेंब नव्हता. दवाखान्यात डॉक्टर नासीर यांनी तिला तपासलं.

"पाणी का पीत नाहीस?"

"पानी पिनं म्हंजे बाहेर जानं पडस, साहेब. दिवसा कोठे जावानं?"

डॉक्टरांनी तिच्या शिरेत मिठाचं पाणी चढवायला लावलं आणि अभिमनला व्हरांड्यात ओढलं. 

"तुझ्या बॉयलरची पाण्याची पातळी दाखवणारी काच असते ना, तिच्यात पाणी खाली गेलं तर काय करतोस?"

"खाली जाऊच देत नही, साहेब! बॉयलर फुटी जाई."

"आणि ही फुटली तर चालेल? पाण्यावाचून हिची मूत्रपिंडं बंद पडत आहेत!"

अभिमन हळूच म्हणाला, "मूत्रपिंड म्हंजे चायनीच ना साहेब? चायनीले काय व्हस?"

"चाळणी!" डॉक्टर कडाडले. "चाळणीला भूक लागत नाही. मूत्रपिंडाला लागते! तिथे रक्तातलं पाणी, मीठ, साखर आधी गाळून खाली पडतं. मग त्यातलं कामाचं तेवढं तिथल्या पेशी वेचतात आणि परत रक्तात टाकतात. तुझी बायको दिवसभर वेचते ना, तसंच. फरक एवढाच, त्यांना सुट्टी नाही. ही मजुरी करायला त्या पेशी चरबी जाळतात, रक्तातली आणखी इंधनं जाळतात, आणि जाळायला प्राणवायू लागतो. हे सगळं रक्ताने पोचवायचं! तुम्ही तिला उन्हात घाम गाळायला लावता आणि पाणी तोडता. रक्त आटतं. पेशींना ना इंधन, ना हवा. त्या उपाशीपोटी राबतात आणि मरतात. कोळशाच्या भट्टीची काळजी करतोस, या भट्टीची कोणी करायची?"

अभिमनला आठवलं, सोळा वर्षं त्याने त्या काचेवरची नजर हलू दिली नव्हती. बायकोचे कोरडे ओठ रोज समोर होते, तरी त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची चीड आली. तिसऱ्या दिवशी शेवंताबाईला लघवी झाली, तेव्हा तो भिंतीला डोकं टेकून रडला.

चौथ्या दिवशी तो कामावर गेला. जाताना खांद्यावर तुरकाठ्यांचे चार कूड होते. ते त्याने कारखान्यामागे उभे केले. अकरा वाजले आणि त्याने भोंगा ओढला! वेळ नसताना भोंगा झाला म्हणून मुकादम, शेठ, सगळे धावले.

"कोणी वाजवला?" रतिलालशेठ ओरडले.

"मी. बाया पानी पिवाले जाई राहिन्यात. आते रोज अकराले वाजी."

"कामावरून काढीन!"

"काढा. मंग बॉयलरना पानीकडे तुम्हीनच देखा."

शेठ काचेकडे बघत राहिले. दुसरा बॉयलरवाला चाळीसगावपर्यंत नव्हता. तोवर बायांची रांग कारखान्यातल्या माठापाशी लागलीही होती.

बंधूंनो, अब्रूच्या नावाखाली आपण घराघरांत बायकांचं पाणी तोडतो आणि त्याला मर्यादा म्हणतो. ही मर्यादा नव्हे, हा छळ आहे! आधी आडोसा बांधा, मग अब्रूच्या गोष्टी करा. आणि आज घरी गेल्यावर तिला एवढंच विचारा, सकाळपासून पाणी प्यालीस का?