दाखल्यातला एक शब्द

मावला गावातल्या खासगी शाळेत बारा वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या प्रतिभाबाईंनी स्वतःचा अनुभवाचा दाखला वाचला आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. वागणुकीपुढे एकच शब्द होता: सॅटिसफॅक्टरी. सोमवारी उटनूरच्या निवासी शाळेत मुलाखत, कायमची नोकरी, आणि हातात हा दाखला!

त्या तडक हेडमास्तर देवानंद सरांच्या खोलीत घुसल्या. "सर, हे काय लिवलं तुमी?"

"काऊन? चांगलाच शब्द आहे. डिक्शनरी पाहा. समाधानकारक."

"डिक्शनरी मले नका शिकवू. चांगल्या माणसाले 'गुड' लिवतेत. 'सॅटिसफॅक्टरी' वाचलं का समोरचा समजते, याच्यात खोट आहे."

"हे मले कोनं शिकवलं, मॅडम?" सर हसले. हसले कसले, दात दाखवले. भर वर्षात शाळा सोडणारी बाई त्यांच्या डोळ्यांत सलत होती.

शिकवलं होतं बाईंनीच. सरांचं इंग्रजी यथातथाच. पोरांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर सही त्यांची, शब्द बाईंचे. ज्या पोराचे आईबाप शाळेशी भांडलेले, त्याच्या नावापुढे सर फुली मारत आणि बाई तिथे मुकाट 'सॅटिसफॅक्टरी' लिहीत. "शिवीही नाही, तक्रारही करता येत नाही," असं त्याच एकदा म्हणाल्या होत्या. दोघंही पोट धरून हसले होते.

मग भाजीवाली भागाबाई जाब विचारायला आली होती. शाळेच्या गाडीचे ब्रेक नीट नाहीत, असं तिने सरांना चारचौघांत सुनावलं होतं, म्हणून तिच्या पोराच्या, चंदनच्या नावापुढे फुली पडली होती. त्याला भैंसा गावच्या शाळेने दाखला बघून नाकारलं. बाईंनी तिला डिक्शनरी उघडून दाखवली. "चांगलाच शब्द आहे, मावशी." ती निरक्षर बाई पुस्तकाकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली होती.

"शब्द बदला, सर. हात जोडते."

"दाखल्यात खाडाखोड चालत नाही. तुमीच म्हनता ना?"

सोमवारी उटनूरला मुलाखत घेणारीने दाखला वाचला, पुन्हा वाचला आणि फाइल बाजूच्या गठ्ठ्यावर सरकवली. पुढचं नाव पुकारलं गेलं.

"उस शब्द की वजह से क्या, मॅडम?" प्रतिभाबाईंनी हिंदीत विचारलं.

"नहीं, नहीं," ती गोड हसली. "अच्छा शब्द है."

प्रतिभाबाई उठल्या नाहीत. त्या तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.