रोज लागणारं

रेवदंड्याच्या बाजारात नुरुद्दीनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि हार्ड डिस्क तपासायची त्याची तऱ्हा जगावेगळी होती. कंपनीने पाकिटावर छापलेल्या वेगावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो मशीन चालू करायचा, एखादं बिल उघडायचा, दोन-चार फोटो, एखादं गाणं. घरात माणसं वापरतात तसं वापरून बघायचा. "रोजच्या कामाला पळते ना, मग झालं," म्हणायचा.

आज समोर त्याच्याच घरचा कॉम्प्युटर होता. त्याची बायको सकिना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून तो जेवत होता, दुकान उघडत होता, पण कशाला चव म्हणून नव्हती. रडूही आलं नव्हतं. तिच्या फोनमधले आवाजी निरोप त्याने या कॉम्प्युटरवर काढून ठेवले आणि मुलीला, महनूरला, बजावलं होतं, "तो आवाज माझ्या कानावर पडता कामा नये." तिने मान हलवली. पुढे नागावचा रितेश होमस्टेसाठी जुनं मशीन मागू लागला, तेव्हाही एवढंच म्हणाली, "विका अब्बा. मला न्हाय लागत." पोरगी आईला विसरली, असं नुरुद्दीनने धरून टाकलं.

दुपारी रितेश न्यायला येणार होता. सगळं पुसण्याआधी नुरुद्दीनने सवयीने तपासणी सुरू केली. डिस्क हायब्रिड होती, म्हणजे फिरती तबकडी आणि जोडीला थोडीशी वेगवान मेमरी. जे सारखं उघडलं जातं ते डिस्क आपणहून त्या मेमरीत हाताशी ठेवते; रोजचा मसाल्याचा डबा ओट्यावर आणि बाकीचं माळ्यावर, तसं.

बिलं उघडताना डिस्क कुरकुरत राहिली. लग्नाचे फोटो तर येता येईनात. शेवटी पुसायचं म्हणून त्याने 'सकिना' लिहिलेला फोल्डर उघडला. क्लिक करायची खोटी, सगळे निरोप ओळीने समोर.

काहीतरी बिघडलंय, त्याला वाटलं. त्याने मशीन पूर्ण बंद केलं, वायर काढली, जरा थांबून पुन्हा लावली. या वेळी आधी तोच फोल्डर उघडला. तस्साच झटकन. फोटो पुन्हा रखडले.

तो स्वतः तर वर्षभर त्या फोल्डरकडे फिरकला नव्हता. आणि घरात तिसरं माणूस नव्हतं.

महनूर जेवणाचा डबा घेऊन आली. स्क्रीन दिसताच दारातच थबकली.

"रोज ऐकतेस?" त्याने विचारलं.

"कॉलेजला निघायच्या आधी. हेडफोन लावून." मग घाईघाईने, "तुमच्या कानावर कधी पडू दिलं न्हाय, अब्बा."

"मग विका का म्हणालीस?"

"तुम्हाला तरास होतो म्हणून."

नुरुद्दीनला शरम वाटली. वर्षभरात त्याला काही वाटलं असेल तर हेच पहिलं. त्याने रितेशला फोन लावला. "येऊ नको. हा न्हाय विकायचा."

"का, चालत नाही?"

"चालतो. आम्हाला लागतो."

फोन ठेवून त्याने स्पीकर जोडला आणि सगळ्यात वरचा निरोप लावला.

"महनूर," सकिनाचा आवाज दुकानात आला, "दूध तापवून ठेव. आणि अब्बा जेवले का बघ. ते आपणहून सांगायचे न्हाईत."

महनूरने डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.