सुटलात हो तुम्ही

मित्रांनो, मी एक जुना श्रेडर आहे. कागदाचे बारीक तुकडे करणे, एवढेच मला येते. सध्या माझा मुक्काम सरकारी आरोग्य खात्याच्या इमारतीत जिन्याखाली आहे. एका बाजूला पाठ मोडलेली खुर्ची, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला पंखा. आम्ही तिघेही भंगारवाल्याची वाट बघतो आहोत. तो येईपर्यंत माझी हकिकत सांगून टाकतो. लोकांची नावे मात्र विचारू नका. शहरभराची दुखणी माझ्या पोटात गेली, पण एकही बाहेर आले नाही. आता म्हातारपणी जीभ सैल सोडायची माझी इच्छा नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या पात्यांना धार लावली, मला एक कोरा कागद भरवला आणि "चालतोय" म्हणून पाठीवर थाप मारली. ती माझी पहिली शाबासकी. जरा बेताचीच होती, पण पुढेही कोणी फार हात सैल सोडला नाही.

मला आरोग्य खात्याच्या विधी शाखेत आणले. इथे सरकारचे वकील बसतात. बाह्या सरसावून न्यायालयात गरजणारे वकील तुम्ही पाहिले असतील. हे तसले नव्हेत. हे दिवसभर मान खाली घालून वाचतात. सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांची माहिती कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये, नवे संगणक आणले तर त्यात ती सुरक्षित राहील का, कंत्राटदाराकडून तसे लिहून घेतले का, हे सगळे ते बघतात. काम नीट झाले तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडले नाही म्हणून कोणी कोणाला हार घालत नाही.

या शाखेतल्या वकीलबाईंच्या टेबलाशेजारी मला जागा मिळाली. बाई तेव्हा तरुण होत्या. जिना चढताना त्यांची चपला वाजवण्याची पद्धत अशी होती, की वरच्या मजल्यावरचे लोक गप्पा आवरून कामाला लागत. काम संपलेले कागद त्या शिपायाकडे कधी देत नसत. स्वतः माझ्याजवळ येत, एकेक टाचणी काढत, वरचे नाव एकदा वाचत आणि कागद माझ्या तोंडात सोडताना हळूच म्हणत, "सुटलात हो तुम्ही."

कोणाचे वेडाचे झटके, कोणाचा गर्भपात, कोणाची दारू. प्रत्येकाला तेच. "सुटलात हो तुम्ही." मला फार आवडायचे ते. एरवी मी नुसता खादाड ठरलो असतो. बाईंमुळे मला वाटायचे, आपण कोणाला तरी घरी पोचवतो आहोत.

मग कागद कमी झाले. सगळे संगणकात गेले. उरलेसुरले कागद पोत्यात भरून नेण्याचे कंत्राट कोणाला तरी दिले. माझी वायर गुंडाळली आणि मला भिंतीकडे सरकवले. माझ्या डोक्यावर आधी एक कुंडी आली. ती वाळली. मग चहाचे कप, डबे, छत्र्या, असे काहीबाही येत राहिले. ज्याच्यापुढे लोक रांग लावून उभे राहत, त्याचे टेबल झाले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

बाईही थकल्या. चपला वाजेनाशा झाल्या. पूर्वी कागद हरवला तर एक हरवायचा. आता एका चुकीसरशी गावेच्या गावे उघडी पडायची. खात्याला रोज नवे काहीतरी हवे असायचे. कधी गोळ्यांची आठवण करून देणारे अ‍ॅप, कधी आवाज ऐकून आजार सांगणारे यंत्र. प्रत्येक करार बाईंकडे यायचा आणि प्रत्येकावर "तातडीचे" असे लिहिलेले असायचे. एकदा त्यांची लेक शाळेतून थेट इथे आली होती. तिने विचारले, "आई, तू नेमकं करतेस तरी काय गं?"

"लोकांच्या गोष्टी लोकांकडेच राहाव्यात म्हणून भांडते."

"कोणाशी?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "जास्त करून आमच्याच माणसांशी," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आता मुख्य गोष्ट सांगतो.

एके दिवशी शाळेची बस चालवणारी एक बाई आमच्याकडे आली. तिला आपण बसवाली म्हणू. खुर्चीच्या कडेवर बसली, जणू कोणी उठवायलाच येणार होते.

"मॅडम, मला एका माणसाचा फोन आला. झोपेच्या गोळ्या स्वस्तात हव्यात का, म्हणाला. मी घेते ते त्याला कसं कळलं? मी तर तुमच्या दवाखान्याबाहेर कोणाला बोलले नाही."

बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. त्यांनी तिला पाणी दिले.

"माझी झोप गेली होती. नुसतं रडू यायचं," बसवाली सांगू लागली. "आता बरी आहे. गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. पण शाळेत कळलं ना, की मी मनाच्या दवाखान्यात जाते, तर कोण आपलं मूल माझ्या गाडीत बसवेल? आणि घरी भाऊ-वहिनी. वहिनी टपाल उघडत नाही हो, पण पाकीट चारी बाजूंनी वाचते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

चौकशी झाली. संगणक दुरुस्त करणाऱ्या कंत्राटदाराने मानसोपचार विभागातल्या रुग्णांची यादी इंटरनेटवर उघडीच ठेवली होती. ती लगेच काढली, पण कोणी ना कोणी पाहून गेलेच होते. कायदा असा, की ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला ठरलेल्या मुदतीत पत्र पाठवून कळवायचे.

बाईंनी बसवालीला बोलावून सांगितले. "तुम्हाला पत्र येईल. पण तुमच्याशिवाय कोणाला काही कळणार नाही. माझा शब्द आहे."

शाखेचे मोठे साहेब मात्र राजी नव्हते. वाईट माणूस नव्हता तो. निवृत्तीला टेकला होता आणि शेवटची वर्षे सुखाने जावीत एवढेच त्याला हवे होते.

"एक बाई सोडली तर कोणी ओरडलेलं नाही," साहेब म्हणाले. "आपणच कशाला दवंडी पिटायची?"

"ज्याचं आहे त्याला सांगणं म्हणजे दवंडी नव्हे, साहेब."

"तुम्ही सरकारच्या वकील आहात की लोकांच्या?"

"सरकारच्याच. म्हणून तर सरकारला खड्ड्यात पडू देत नाही."

हा वाद दिवसेंदिवस चालला. बाई मुदतीची आठवण करून देत, साहेब फाइल बाजूला सारत. शेवटी साहेबांनी सही केली, पण तोवर मुदतीचा शेवटचा दिवस उंबरठ्यावर आला होता. बाईंनी पत्राचा शब्दन् शब्द तपासला. आजाराचा उल्लेख नको, औषधाचा नको, घाबरवणारी भाषा नको. "आपली नोंद" म्हणायचे की "आपली माहिती", यावर त्यांनी अर्धा दिवस घालवला. त्यांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. घरून नवऱ्याचा फोन आला की त्या "हो, निघतेच" म्हणत आणि पुन्हा वाचायला लागत.

आणि त्या शेवटच्या दिवशी, दुपारी, टपाल बघणाऱ्या काकांनी भरलेली पाकिटे आणून ठेवली. कुठे? माझ्या डोक्यावर. टेबलच ना मी!

मित्रांनो, ठेवताना पाकिटे अगदी माझ्या नजरेसमोरून गेली. डाव्या कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत छापले होते, "मानसोपचार विभाग." आणि मधोमध नाव, पत्ता.

दवाखान्यात छापील पाकिटांचे गठ्ठे पडून होते. ती वाया कशाला घालवायची, म्हणून साहेबांनी तीच वापरायला सांगितले होते. पत्र सगळ्यांनी वाचले होते. पाकीट कोणीच वाचले नव्हते. वकिलांचे असेच असते. आत काय लिहिले आहे यावर रक्त आटवतील, बाहेरचे टपालवाल्याचे काम समजतील. मला ओरडावेसे वाटले. पण माझी वायर गुंडाळलेली, आणि जोडलेली असती तरी घरघरण्यापलीकडे मला काय येते? टपालाची गाडी खाली येऊन उभी राहिली. वहिनी पाकीट चारी बाजूंनी वाचते, हे मी माझ्या कानांनी ऐकले होते. असा असहाय मी कधी झालो नव्हतो.

बाई चहा घेऊन आल्या. सवयीने कप माझ्या डोक्यावर टेकवला. कपाच्या बुडाचा ओला गोल वरच्या पाकिटावर उमटला. "अगं बाई," म्हणत त्यांनी ते पुसायला उचलले.

पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

त्यांनी दुसरे पाकीट पाहिले. तिसरे पाहिले. मग बाई मटकन खुर्चीत बसल्या, आज माझ्याशेजारी आहे त्याच पाठ मोडलेल्या खुर्चीत. ती खुर्ची तेव्हा धड होती.

"काका," त्या म्हणाल्या, "गाडीला जायला सांगा."

साहेब धावत आले. "अहो, आज मुदत संपतेय! आज, आज म्हणून तुम्हीच माझं डोकं खाल्लंत ना?"

"हो. पण ही पाकिटं गेली तर कंत्राटदारानं जे केलं तेच आपण करू. तेही घरोघर जाऊन."

"आणि नाही गेली तर आपण कायदा मोडला असं होईल. तुमच्याच कायद्यानं!"

"होईल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की त्यात भांडणाची ताकद उरली नव्हती. "उशीर माझ्यामुळे झाला असं लिहा. माझ्या नावावर."

काका कोऱ्या पाकिटांसाठी बाजारात गेले. बाई एकेक पाकीट फोडून पत्र बाजूला ठेवू लागल्या. रिकाम्या पाकिटांचा ढीग वाढत गेला. शिपाई म्हणाला, "बाई, ही कंत्राटवाल्याच्या पोत्यात टाकू?"

"नावासकट? मुळीच नाही." त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "हा चालतो का रे अजून?"

माझी वायर सोडवली. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगात वीज खेळली. आधी मी खोकलो, वाळक्या कुंडीची माती झटकली आणि मग सुरू झालो. बाई पाकिटे भरवू लागल्या. नाव वाचायचे, सोडायचे. "सुटलात हो तुम्ही." आवाज पूर्वीचा नव्हता, पण शब्द तेच होते. बसवालीचे पाकीट आले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. मग तेही माझ्या पोटात गेले.

मध्येच साहेब येऊन माझ्याजवळ उभे राहिले. पुटपुटले, "ती पाकिटं वापरा असं मीच सांगितलं होतं." माझ्या घरघरीत ते बाईंना ऐकू गेले नाही. मी ऐकले. पण माझ्या साक्षीला कोण विचारतो? वर पाठवलेल्या कागदावर त्यांनी नाव बाईंचेच लिहिले.

जाड पाकिटे आणि माझे वय. अंग तापत गेले, जळका वास सुटला. थोडीच पाकिटे उरली असताना माझी मोटर बसली. उरलेली बाईंनी हातांनी फाडली, नखाएवढे तुकडे होईपर्यंत.

कोरी पाकिटे दुसऱ्या दिवशी टपालात पडली. मुदत उलटून गेली होती. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि ठरलेली बढती राहिली. त्यांनी ती ताकीद वाचली, घडी केली, खणात ठेवली आणि पुढचा करार उघडला. त्यावर "तातडीचे" असे लिहिलेले होते.

काही दिवसांनी बसवाली आली. या वेळी खुर्चीत नीट टेकून बसली.

"पत्र मिळालं, मॅडम. वहिनीनंच आणून दिलं. उलटून पालटून बघितलं आणि म्हणाली, काहीतरी सरकारी दिसतंय, कंटाळवाणं."

बाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाची अशी तारीफ कोणी केली नव्हती.

मग मला इथे आणले. दोन शिपाई मला उचलत होते तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, अगदी त्या कारागिराने ठेवला होता तिथेच, आणि म्हणाल्या, "सुटलास रे तू."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाचे दुखणे तुमच्या हाती आले, मग ते कागदावर असो की फोनच्या पडद्यावर, तर ते आपल्या लेकराइतके जपा. आत बघा, तसे बाहेरही बघा. आणि पोटात ठेवायला शिका.

वरच्या मजल्यावरून मला अजून बाईंची पावले ऐकू येतात. हल्ली त्या जिन्यात मध्येच थांबतात, कठड्याला धरून श्वास घेतात आणि पुन्हा वर जातात. शहरभराला त्या "सुटलात" म्हणाल्या. मलाही म्हणाल्या. त्यांना मात्र अजून कोणी तसे म्हटलेले नाही.