केशर न मिळालेला अझदहा

मी कागदावरचा अझदहा बोलतोय! दचकू नका हो, माझं पान अजून उघडलेलं नाही. अझदहा म्हणजे तसा सापच, पण पायवाला, मिशीवाला, तोंडातून जाळ काढणारा. आमच्या इराणच्या तब्रीझमध्ये शेंबडं पोरसुद्धा मला ओळखतं.

माझा जन्म शहजादे तहमूरस मिर्झांच्या चित्रशाळेतला. उस्ताद बायरामअलींनी मला एका घोडेस्वाराभोवती असं काही वेटोळं घालायला लावलं, की माझा जबडा थेट त्या बहाद्दराच्या गळ्याशी! आणि बहाद्दराचा चेहरा कुणाचा? खुद्द शहजाद्यांचा! रीतच आहे इथली, ज्याचं पुस्तक त्याचं तोंड.

माझा रंग हिरवा, तांब्याच्या कळंकाचा. काय झळकतो म्हणता! पण त्याला एक वाईट खोड आहे, तो कागद खातो. हळूहळू, गुपचूप. म्हणून त्यात केशर घालतात. केशर असलं की तो गप्प बसतो.

नेमकी तेव्हाच उस्तादांची एकुलती एक पोर, माहपारे, तापाने फणफणली. त्यांच्या बायकोने, गुलअंदामने, गल्लीभर केशरी खीर वाटायचा नवस बोलला.

"अहो, केशर कुठाय?"

"बाजारात नाहीये. खोरासानचा काफिला बर्फात अडकलाय."

"मग त्या तुमच्या डबीत काय आहे?"

"ते अझदहाचं आहे, गुलअंदाम."

"वा! सापाला केशर, आणि माझ्या पोरीच्या नावाने पांढरीफटक खीर?"

उस्तादांनी डबी पुढे केली. दुसरं काय करणार? खीर वाटली, पोर उठून बसली, आणि मी केशराशिवाय कागदावर उतरलो. असला चमकलो की शहजादे ओरडलेच, "अरे, हा तर चावेल!" सगळे खो खो हसले. उस्ताद तेवढे हसले नाहीत.

मग पुस्तक सांभाळायला उस्तादांच्याच घरी, पेटीत. अंधार. वर्षानुवर्षं. आणि मी खायला लागलो. आधी माझ्या पायाखालचा खडक तपकिरी पडला, मग घोड्याचे पाय गेले. मला भूकबिक काही नव्हती हो! माझी घडणच तशी. पाठीच्या रेषेने कागद जळल्यासारखा झाला, चीर वर सरकत सरकत थेट बहाद्दराच्या गळ्यापर्यंत गेली.

आज नवरोज, वर्षाचा पहिला दिवस. पाहुण्यांना दाखवायला शहजाद्यांनी पुस्तक मागवलं. सकाळी उस्तादांनी घरी मला उघडलं आणि बायकोला हाक मारली.

"सांगा त्यांना, बायकोने केशर चोरलं म्हणून," गुलअंदाम म्हणाली.

"गप्प बस. ते म्हणणार, मी मुद्दाम त्यांचा गळा कापला. मागे लेखनिकाच्या हातून त्यांच्या नावावर शाई सांडली, तर त्याची बोटं गेली. तू पोरीला घे आणि आत्ताच्या आत्ता अर्दबीलची वाट धर. नदीपलीकडे त्यांचे शिपाई येत नाहीत."

माहपारे दारात उभी होती. चांगली लग्नाची झालीय आता. "बाबा, मागून कागद चिकटवू या की!"

"बोट लावलं तरी भुगा होईल गं."

ती रडायला लागली. उस्ताद म्हणाले, "खीर मात्र फक्कड झाली होती."

आता मी मखमलीवर आहे. सरबताचे पेले वाजतायत, पाहुणे वाहवा करतायत. उस्ताद कोपऱ्यात उभे आहेत, हात अस्तन्यांत लपवून. माझ्याआधीचं पान शहजाद्यांच्या चिमटीत आलंय.

शहजादे, हळू उलटा हो! तुमच्या गळ्याला केसभर कागद उरलाय. मी तोंड मिटलं असतं, शप्पथ, पण ते उघडंच रंगवलंय. निदान थोडं थांबा. एखादा घोट सरबत घ्या. त्या मायलेकींनी अजून नदी ओलांडलेली नाही.